जन्माचे औषध आणि त्याची किंमत

खटाव-माणचा मुलूख दुष्काळी. येथल्या माणसाने पोटासाठी एके काळी मुंबईच्या गिरण्या गाठल्या, गलाईच्या धंद्यात परप्रांती भट्ट्या पेटविल्या. अशा कष्टकऱ्याला जन्माची सोबत करणारा रोग जडला, तर त्याला कोणते औषध मिळते आणि ते कोण ठरवितो, हा प्रश्न मजुरीच्या प्रश्नाहून लहान नाही. एच.आय.व्ही.वरील औषधांचा इतिहास आम्ही याच दृष्टीने पाहतो.

१९८७ साली झिडोव्ह्युडीन हे पहिले औषध अमेरिकेत मान्य झाले. परंतु एकट्या औषधाला विषाणू सरावतो; तीन औषधे एकत्र दिली तर तो दबून राहतो, हे १९९६ च्या सुमारास सिद्ध झाले. या तिहेरी उपचाराला पाश्चात्त्य देशांत वर्षाला १०,००० डॉलरांहून अधिक खर्च येई.

येथे आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याचे मोल कळते. न्यायमूर्ती अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालातून घडलेल्या या कायद्याने औषधावरील मक्तेदारी नाकारली; ते बनविण्याच्या कृतीपुरताच हक्क ठेवला. त्या बळावर मुंबईच्या सिप्ला कंपनीने २००१ च्या फेब्रुवारीत स्टॅव्ह्युडीन, लॅमिव्ह्युडीन व नेव्हिरॅपीन ही तिन्ही औषधे एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय सेवासंस्थेला माणशी वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केली. १ एप्रिल २००४ पासून सरकारने निवडक रुग्णालयांत मोफत उपचार सुरू केले. त्यांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते.

तथापि स्वस्त म्हणजे निर्दोष नव्हे. स्टॅव्ह्युडीनने हातापायांना मुंग्या येत, गालफडे बसत. रोग्याने झाकलेले त्याचा चेहराच गावाला सांगे. झिडोव्ह्युडीनने रक्त कमी होई. आधीच फिक्या पडलेल्या बायाबापड्यांना ते कसे सोसावे? नेव्हिरॅपीनने अंगावर पुरळ उठे, यकृतास इजा होई. शिवाय क्षयाच्या रिफाम्पिसिनने त्याचा जोर घटे, म्हणून क्षयरोग्याला एफाव्हिरेन्झ देत. त्याने घेरी येई, स्वप्ने छळीत. भट्टीपुढे उभे राहणाऱ्याला किंवा ट्रक हाकणाऱ्याला ही गोष्ट किरकोळ नव्हे.

पुढे स्टॅव्ह्युडीन मागे पडून टेनोफोव्हिर आले. त्यात मूत्रपिंडावर लक्ष ठेवावे लागते, पण दिवसाला एकच गोळी पुरते. २०२० पासून आपल्याकडे एफाव्हिरेन्झच्या जागी डोल्युटेग्रॅव्हिर येऊ लागले. ते विषाणूला लवकर दाबते आणि विषाणू त्याला सहजी सरावत नाही. काहींचे वजन वाढते, झोप बिघडते. रिफाम्पिसिन चालू असेल तर ते दिवसातून दोनदा घ्यावे लागते. तरीही आजवरच्या पहिल्या फळीत हेच उजवे.

मात्र एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. २००५ पासून कायदा बदलला. औषधावरच पेटंट मिळू लागले. त्यामुळे डोल्युटेग्रॅव्हिर येथे स्वस्तात बनते, ते मूळ मालकाने २०१४ साली केलेल्या परवान्याच्या करारामुळे. पूर्वीचे स्वस्त औषध कायद्याच्या हक्काने आले होते, हे मालकाच्या परवानगीने आले. हक्काची भाकरी आणि दिलेली भाकरी यांतले अंतर कामगाराला समजावून सांगावे लागत नाही. उद्याचे अधिक चांगले औषध कोणत्या वाटेने आपल्या तालुक्यात पोहोचावे, याचा विचार म्हणूनच आपण सर्वांनी केला पाहिजे.