न दिलेला आवाज



हाक मारली की णमोकार मंत्र लावणारा स्पीकर आता आपल्यातल्या कितीतरी घरांत आहे. अॅमेझॉनचा इको अमेरिकेत २०१४ मध्ये आला, भारतात २०१७ मध्ये. हाक ओळखली की पुढचं बोलणं कंपनीच्या सर्व्हरवर जातं. त्यातलं काही कर्मचारीही ऐकतात, हे २०१९ मध्ये उघड झालं. बोभाटा झाल्यावर नकाराची सोय मिळाली. पालकांनी सांगूनही मुलांचं बोलणं पूर्ण पुसलं नाही, या आरोपावरून २०२३ मध्ये कंपनीने अमेरिकेत अडीच कोटी डॉलर भरायचं कबूल केलं. मार्च २०२५ मध्ये तिथल्या काही इकोंवरचा 'रेकॉर्डिंग पाठवू नका' हा पर्यायच काढून टाकला.

म्हणजे मिळालेली सोय परतही जाते. आपलं अचौर्य अणुव्रत सांगतं, न दिलेलं घेऊ नये. मला वाटतं, मन मोकळं करायला आलेल्या पाहुणीने आपला आवाज यंत्राला दिलेला नसतो. तो जपणं घरच्या बाईच्या हातात आहे. इकोवरचं माइकचं बटण दाबा, लाल दिवा लागला की माइक बंद. सामायिकाच्या ४८ मिनिटांत तर प्लगच काढून ठेवा.