पंडिता रमाबाई : एकाकीपणाकडून मुक्तीकडे

१/ दुष्काळाच्या फेऱ्यात आई, वडील, बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास, १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी. पंचविशी गाठण्याआधीच पंडिता रमाबाईंजवळ उरली ती केवळ तान्ही मनोरमा.

२/ १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. लंडनच्या फुलहॅम भागात, समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांना ख्रिस्ती भगिनी मायेने सांभाळताना त्यांनी पाहिल्या. या करुणेचे मूळ शोधताना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांच्या मनाला भिडली. त्याच वर्षी वॉन्टेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

३/ मात्र धर्मांतराने नवे एकाकीपण आणले. विधवांसाठी १८८९ मध्ये मुंबईत काढलेले ‘शारदा सदन’ पुढे पुण्यास आले. तेथे धर्मप्रसाराचा आरोप झाला आणि १८९३ मध्ये अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

४/ पुढे १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराधार मुलींना त्यांनी आश्रय दिला. केडगावला ‘मुक्ती सदन’ उभे राहिले. विधवा, अनाथ, अंध अशा साऱ्या जणी तेथे एकत्र प्रार्थना करीत, हातांना काम शिकत. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर तेथील छापखान्यातच छापले गेले.

५/ दुष्काळाने ज्यांचे कुटुंब हिरावले, त्यांनी दुष्काळातल्याच मुलींना कुटुंब दिले.