मॅकरॉन: कुळ मठातलं, थाट राणीचा

सोफिया कपोला यांचा 'मारी आंत्वानेत' हा चित्रपट २००६ साली आला. त्यातली फ्रान्सची राणी गुलाबी आणि पिस्ता रंगाच्या मिठायांच्या राशीत बसलेली दिसते. मॅकरॉनसकट त्या मिठाया पुरवल्या होत्या पॅरिसच्या लादुरे या दुकानानं. त्याच चित्रपटात राणीच्या पादत्राणांच्या पसाऱ्यात क्षणभर कॉन्व्हर्सचे आधुनिक बूटही दिसतात. दिग्दर्शिकेनं मुद्दाम केलेली ती गंमत होती, आणि बूट खरेच राणीचे होते असं कुणी मानलं नाही. मॅकरॉन मात्र तेव्हापासून राणीचाच झाला. मारी आंत्वानेतचा शिरच्छेद १७९३ मधला. दोन चकत्या, मध्ये मऊ सारण असा मॅकरॉन पॅरिसमध्ये मिळू लागला तोपर्यंत तिला जाऊन जवळपास शतक उलटलं होतं, किंवा त्याहूनही जास्त.

दुसरी राणी याहून जुनी. इटलीतली कातरीना दे मेदिची १५३३ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, फ्रान्सच्या राजपुत्राशी लग्न करून आली आणि येताना आपले आचारी घेऊन आली. त्यांनीच मॅकरॉन आणला, असं जवळजवळ प्रत्येक दुकानाच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. त्या काळातला पुरावा कुणी दाखवत नाही. काटा, आइस्क्रीम, आर्टिचोकची भाजी या सगळ्यांचं श्रेयही याच बाईंच्या नावावर जमा आहे. इतकं सगळं आणायचं तर वऱ्हाडात गाडे किती असतील! यात खरं एवढंच, की मॅकरॉन हे नाव इटालियन आहे, आणि आपण खातो त्या मॅकरोनीशी त्याचं सख्खं नातं आहे. साखर आणि बदाम वाटून मिठाई करण्याची विद्या अरबांमार्फत सिसिली आणि स्पेनमध्ये रुजली आणि तिथून वर सरकली. बाकीचा बादरायण संबंध.

मॅकरॉनचं घराणं शोधायचं तर राजवाडा सोडून मठात जावं लागतं. बदामाची पूड, साखर आणि अंड्यातलं पांढरं, एवढ्या तीन जिनसांची ही मिठाई. फ्रान्सच्या गावोगावी ती वेगवेगळ्या मठांच्या नावावर सांगतात. सेंट एमिलियाँमध्ये तिचं मूळ १६२० मधल्या उर्सुलिन ननांपर्यंत नेतात. कोर्मरीत तर ती मधोमध भोक पाडून करतात आणि ते भोक म्हणजे एका भिक्षूची बेंबी, असं खुशाल सांगतात. गोव्याच्या बेबिंकाचीही कथा मठातलीच. सांता मोनिकाच्या ननांनी उरलेल्या पिवळ्या बलकांचं काय करावं म्हणून ती केली म्हणतात. तिकडे पांढरं, इकडे पिवळं, पण अंडं वाया जाऊ द्यायचं नाही हा बाणा दोन्हीकडे सारखा.

यातली पक्की कथा नॅन्सी शहराची. तिथल्या बेनेडिक्टिन मठात मांस वर्ज्य होतं, म्हणून बदामाची ही पौष्टिक मिठाई केली जाई, असं सांगतात. फ्रेंच राज्यक्रांती झाली आणि १७९२ च्या एप्रिलमध्ये धार्मिक संघ बंद करण्याचा हुकूम निघाला. मठ बंद, नन रस्त्यावर. त्यांतल्या दोघींना, मार्गरीत गायो आणि मारी एलिझाबेत मोर्लो यांना, गोरमाँ नावाच्या डॉक्टरांनी र्यू द ला आश, म्हणजे कुऱ्हाड गल्लीतल्या आपल्या घरात आसरा दिला. पोट भरण्यासाठी दोघींनी मठातली मिठाई करून विकायला सुरुवात केली. लोक त्यांना 'मॅकरॉन भगिनी' म्हणू लागले. पुढे १९५२ मध्ये नगरपालिकेनं त्या गल्लीच्या एका भागाला त्यांचंच नाव दिलं. शहरात सेनापतींच्या नावाचे रस्ते असतातच; मिठाई विकणाऱ्या दोन बेघर बायांच्या नावाचा रस्ता विरळाच.

त्या दोघींचा मॅकरॉन दिसायला अगदीच साधा. चपटा, तपकिरी, वर भेगा पडलेला, बाहेरून कुरकुरीत, आतून चिवट मऊ. रंग नाही, सारण नाही, जोडीही नाही. नॅन्सीत अजूनही तो तसाच मिळतो, ज्या कागदावर भाजला त्याच कागदाला चिकटलेला.

मग हा पॅरिसचा रंगीबेरंगी अवतार आला कुठून? त्यासाठी र्यू रॉयालवर, मादलेन चर्चजवळच्या सोळा नंबरच्या दुकानात जायला हवं. लुई एर्नेस्त लादुरे यानं १८६२ मध्ये तिथे साधी पावाची बेकरी काढली. १८७१ च्या पॅरिस कम्यूनच्या उठावाच्या धामधुमीत ती जळाली. पुन्हा उभी राहिली ती पातिसरी म्हणून, म्हणजे केक-मिठायांचं दुकान म्हणून. छताची सजावट केली जाहिरातींच्या भित्तिचित्रांसाठी नावाजलेल्या झ्यूल शेरे यानं. वर मान करून पाहिलं तर आचाऱ्याच्या वेशातला एक गुबगुबीत देवदूत दिसतो. तोच आजही दुकानाचं चिन्ह आहे.

पण माझ्या मते या दुकानाचा खरा शोध मॅकरॉन नव्हेच. लादुरेच्या घरातल्या झान सूशार हिनं कॅफे आणि पातिसरी एकत्र आणून चहाचा दिवाणखाना काढला. तोवर पॅरिसचे कॅफे पुरुषांचे होते. भल्या घरच्या बाईनं एकटीनं तिथे बसणं शोभत नसे. या दिवाणखान्यात बायका मैत्रिणींबरोबर निवांत बसू शकत, नवऱ्याला वा भावाला सोबत आणावं लागत नसे. आज पॅरिसच्या पातिसरीत आपण काचेआडचे एक्लेर, मिलफॉय, बाबा ओ र्‍हम बघत रांगेत उभे राहतो आणि मग कोपऱ्यातलं छोटं टेबल पकडतो. ती बैठकीची पद्धत झानची.

दोन चकत्या गनाशनं, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमच्या सारणानं, जोडण्याचं श्रेय लादुरेवाले आपल्या नात्यातल्या पिएर देफोंतेन यांना, विसाव्या शतकात, देतात. काहीजण त्याआधीच्या, १८८० च्या दशकातल्या क्लोद झर्बे नावाच्या हलवायाचं नाव घेतात. या मॅकरॉनला जुने पॅरिसकर 'झर्बे' म्हणतही असत. दोघांत मला दुसऱ्या दाव्यात जास्त तथ्य वाटतं, कारण माणसाचं नाव मिठाईला चिकटलं की ते सहसा उगाच चिकटत नाही. पहिल्या दाव्यामागे अर्थातच मोठं दुकान आहे.

कृती मात्र निर्विवाद अवघड. बदामाची वस्त्रगाळ पूड आणि पिठीसाखर समभाग. अंड्याच्या पांढऱ्याचा फेस काढताना त्यात ११८ अंशांचा साखरेचा पाक धार धरून ओततात. आपल्या मराठी स्वयंपाकघरात त्याला गोळीबंद पाक म्हणतात. मग फेस आणि पूड एकत्र कालवायची. फ्रेंच आचारी या कालवण्याला 'माकारोनाज' म्हणतात, आणि सगळं यश-अपयश इथेच ठरतं. कमी कालवलं तर चकतीला टोक राहतं, जास्त कालवलं तर मिश्रण ट्रेवर ओघळतं. उलथन्यावरून ते जाड फितीसारखं सलग पडलं पाहिजे. ट्रेवर घातलेल्या चकत्या तशाच ठेवतात, बोट लावल्यावर चिकटू नयेत अशी पातळ साय वर धरेपर्यंत. भट्टीत आतली वाफ वर जाऊ पाहते, ही साय तिला वाट देत नाही, मग ती खालून कडेनं बाहेर पडते आणि चकतीला झालरीसारखा काठ येतो. त्याला 'पाय' म्हणतात. पाय नसेल तर मॅकरॉन फसला. भरलेला मॅकरॉन ताजा खात नाहीत; दिवसभर थंडाव्यात ठेवून सारणाचा ओलावा चकतीत मुरू देतात.

जगभर त्याची टूम निघाली ती मात्र गेल्या पंचवीस-तीस वर्षांतली. १९९३ मध्ये 'पॉल' बेकऱ्यांच्या होल्देर कुटुंबानं लादुरे विकत घेतली आणि १९९७ मध्ये शाँज-एलिझेवर भव्य दुकान थाटलं. तिथे काम केलेल्या पिएर एर्मे यांनी पुढच्याच वर्षी स्वतःचं पहिलं दुकान काढलं ते तोक्योत, पॅरिसमध्ये नंतर. गुलाब, लिची आणि रासबेरी यांचा त्यांचा 'इस्पाआँ' आता अभिजात मानला जातो. मीठ घातलेलं कॅरॅमल, ऑलिव्ह तेल असल्या चवी त्यांच्याच वाटेनं आल्या.

भारतात तो शिरला त्याला फार दिवस झाले नाहीत. पॅरिसमध्ये शिकून आलेल्या पूजा धिंग्रा यांनी २०१० मध्ये मुंबईत 'ल फिफ्टीन' पातिसरी सुरू केली आणि मॅकरॉन शहराच्या ओळखीचा झाला. मुंबईची दमट हवा त्याची वैरीण. पावसाळ्यात वरची साय धरता धरत नाही. अंडं न खाणाऱ्यांसाठी छोले शिजवलेल्या पाण्याचा फेस वापरतात. ती युक्तीही अलीकडची, आणि ती प्रथम मांडणारा झोएल रोसेल हा फ्रेंचच. पण मॅकरॉनच्या नात्यातली एक शाखा इथे फार आधी पोचली होती. तमिळनाडूच्या तूतुकुडीत काजू, साखर आणि अंड्याच्या पांढऱ्याचा मॅकरून पिढ्यान्‌पिढ्या भाजतात. बदामाऐवजी काजू, बाकी तीच जात. आपल्या बेकऱ्यांतला खोबऱ्याचा मॅकरून हा त्याचाच चुलत भाऊ. त्याला मॅकरॉन समजून नावं ठेवू नयेत.

पॅरिसला गेलात तर र्यू रॉयालवर जा, छत बघा, बसून चहा घ्या. डबा भरून घरी आणायचा असेल तर गनाशचे निवडा, फळांचे लवकर नरमतात. आणि एक दिवस हाताशी असेल तर गार द लेस्तहून नॅन्सीची गाडी पकडा, दीड तासाचा रस्ता आहे. तिथे कागदाला चिकटलेले ते तपकिरी मॅकरॉन विकत घ्या. चवीत ते रंगीत भावंडांहून सरस आहेत, आणि स्वस्तही.