तुटलेल्या तारेचा अर्थ : थांबा-बटण व सीमा-खटका यांच्या जोडणीची पूर्वपीठिका

संगणकाच्या आज्ञेनुसार लाकूड, प्लास्टिक वा ॲल्युमिनियम कोरणारी लहान यंत्रे, ज्यांस सीएनसी यंत्रे म्हणतात, आता हौशी कारागिरांच्या घरांतही आढळतात. अशा यंत्राचे कोरणे तीन अक्षांवर फिरते. प्रत्येक अक्षाच्या टोकाशी एक छोटा खटका असतो. त्यास ‘लिमिट स्विच’ म्हणतात. सरकत आलेला भाग त्यावर टेकला म्हणजे यंत्राने थांबावे, अशी योजना असते. यंत्राच्या दर्शनी भागी लाल रंगाचे मोठे बटण असते. संकटसमयी ते दाबावयाचे. या दोहोंच्या तारजोडणीविषयी दोन तक्रारी नित्य ऐकू येतात : कशालाही स्पर्श झालेला नसता यंत्र धोक्याची सूचना देऊन थांबते, अथवा खटका दाबला गेला तरी ते थांबतच नाही. या तक्रारी वरवर क्षुल्लक दिसतात. परंतु त्यांच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे. तार तुटली असता यंत्राने काय समजावे? हा प्रश्न प्रथम कारखान्यात नव्हे, तर रेल्वेमार्गावर ऐरणीवर आला.

अमेरिकन अभियंता विल्यम रॉबिन्सन याने इ. स. १८७० मध्ये पेनसिल्व्हेनियातील किंझुआ येथे स्वयंचलित सिग्नलाची योजना उभारली. गाडी विवक्षित टप्प्यात शिरली की तिच्या चाकाने एक तरफ दाबली जाई, विद्युत् मंडल जुळे आणि सिग्नल धोका दाखवी. गाडी बाहेर पडताना दुसऱ्या तरफेने तो पूर्ववत् होई. योजना चालली, पण तिच्यातील उणीव तिच्या जनकालाच जाणवली. तार तुटली अथवा बॅटरी संपली, तर मंडल जुळणारच नाही आणि मार्ग मोकळा असल्याचीच खूण राहील. गाडीचे दोन तुकडे होऊन मागचे डबे टप्प्यातच राहिले, तरीही पुढचा तुकडा बाहेर पडताच सिग्नल निर्धास्त होईल.

यास्तव रॉबिन्सनने मांडणी उलटी केली. २० ऑगस्ट १८७२ रोजी त्यास मिळालेल्या पेटंटातील योजनेत टप्प्याचे रूळ शेजारच्या रुळांपासून विद्युत्‌दृष्ट्या अलग केलेले असून, एका टोकास बॅटरी व दुसऱ्या टोकास विद्युच्चुंबक आहे. मार्ग मोकळा असताना प्रवाह रुळांतून अखंड वाहतो आणि त्याच्याच बळावर सिग्नल ‘मोकळा’ राहतो. गाडी आली की तिचे आस दोन्ही रूळ जोडतात, प्रवाह आसांतूनच परततो, चुंबक निर्बल होतो आणि सिग्नल धोक्यावर पडतो. तार तुटली, बॅटरी संपली वा रूळ दुभंगला, तरी परिणाम सामान्यतः तोच. सुरक्षिततेची ग्वाही प्रतिक्षणी द्यावी लागते. ग्वाही थांबली की धोका मानावा, हे तत्त्व येथे प्रस्थापित झाले.

याच वर्षी जॉर्ज वेस्टिंगहाउसने ब्रेकांच्या बाबतीत हाच पालट केला. त्याच्या १८६९ च्या ब्रेकात नळीतील हवेच्या दाबाने ब्रेक लागे. अर्थात नळी फुटली की ब्रेकही गेला. १८७२ च्या स्वयंचलित ब्रेकात नळीतील दाब ब्रेकास सैल धरून ठेवतो आणि दाब नाहीसा झाला की प्रत्येक डब्याखालच्या टाकीतील हवा ब्रेक लावते. या फरकाचे मोल आयर्लंडात आर्मा येथे १२ जून १८८९ रोजी कळले. सहलीची गाडी चढ चढू शकेना, म्हणून ती मध्ये तोडण्यात आली. निर्वात ब्रेक स्वयंचलित नसल्यामुळे इंजिनापासून अलग होताच मागील डब्यांचे ब्रेक सुटले. ते डबे उतारावरून घरंगळत मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसे दगावली. त्यांत मुले पुष्कळ होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने उतारूंच्या गाड्यांना स्वयंचलित ब्रेक सक्तीचे करण्याचा कायदा केला.

या तत्त्वाची परिभाषा मराठी वाचकास मात्र सहज चकविते. नळ ‘उघडला’ की पाणी वाहते आणि ‘बंद’ केला की थांबते. दिवा ‘बंद’ म्हणजे विझलेला. परंतु विद्युत्‌शास्त्रात ‘बंद मंडल’ म्हणजे सर्व सांधे जुळून प्रवाह वाहता असलेले मंडल, आणि ‘उघडे मंडल’ म्हणजे तुटलेले. येथे ‘बंद’ हा शब्द प्रवाहाविषयी नसून वाटेविषयी आहे. खटक्यावर ‘एनसी’ अशी अक्षरे असतात. त्यांचा अर्थ ‘एरवी बंद’, म्हणजे न दाबता जुळलेला व दाबल्यावर तुटणारा. ‘एनओ’ त्याच्या उलट. ‘एरवी बंद’ म्हणजे ‘एरवी निष्क्रिय’ असे जो समजेल, तो रॉबिन्सनने टाकून दिलेली जोडणी नकळत पुन्हा करील. यास्तव ‘जुळलेला’ व ‘तुटलेला’ हे शब्द योजणे अधिक निर्धोक होय.

अंकनियंत्रित यंत्राचे प्रात्यक्षिक मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत सप्टेंबर १९५२ मध्ये झाले. त्यामागे जॉन पार्सन्सची कल्पना व तेथील सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळेचे परिश्रम होते. ते यंत्र खोलीभर विस्ताराचे होते. २००९ मध्ये सीमेन स्वाले स्कोग्सरुड याने ‘ग्रब्ल’ ही नियंत्रक आज्ञावली अल्पमोली आर्डुइनो फलकासाठी लिहिली आणि हे तंत्र घरगुती मेजावर आले. यंत्र स्वस्त झाले. जुना प्रश्न मात्र तसाच राहिला.

ग्रब्ल चालविणाऱ्या फलकात खटक्याच्या तारेवर अंतर्गत रोधातून ५ व्होल्ट दाब ठेवलेला असतो. हा रोध २० ते ५० किलोओहम असतो. खटका तार भूमीशी जोडतो. ‘एरवी तुटलेला’ खटका वापरल्यास ती लांब तार दुर्बळ दाबावर लोंबकळत राहते आणि शेजारच्या मोटारीचा विद्युत्-गोंगाट सहज टिपते. ‘एरवी जुळलेला’ खटका वापरल्यास ती एरवी भूमीला घट्ट बांधलेली राहते, आणि तुटली तर यंत्र तत्काळ थांबते. तथापि आज्ञावलीचे मूळ गृहीत पहिल्या प्रकारच्या खटक्याचे असल्याने ‘एरवी जुळलेला’ खटका जोडताच, यंत्र सीमेवर असल्याचा समज होतो. तेव्हा अनेकजण खटकाच बदलतात. वस्तुतः ग्रब्लच्या १.१ आवृत्तीत ‘$५=१’ ही आज्ञा देऊन अर्थ उलटविणे हाच योग्य उपाय.

दोष शोधण्याचा क्रमही याच विचारातून निघतो. प्रथम वीज तोडावी, तार फलकापासून सोडवावी आणि मल्टिमीटरने खटक्यांची माळ तपासावी. एकामागून एक जोडलेले ‘एरवी जुळलेले’ खटके जुळलेलेच दिसले पाहिजेत, आणि कोणताही एक दाबला की माळ तुटलेली दिसली पाहिजे. नंतर तार पुन्हा जोडून व वीज देऊन फलकाच्या टोकाशी दाब मोजावा. न दाबता तो शून्यालगत व दाबल्यावर ५ व्होल्टच्या आसपास असावा. खटका ठीक असून आज्ञावलीस दिसत नसेल, तर टोकाचे नाव तपासावे. ग्रब्लच्या ०.९ आवृत्तीत कोरण्याच्या मोटारीचा वेग बदलण्यासाठी ११ क्रमांकाचे टोक लागू लागले आणि उभ्या अक्षाचा खटका १२ वर गेला. अनेक फलकांवरील छापील नाव मात्र पूर्वीचेच राहिले. यंत्र केवळ कोरण्याची मोटार चालू असतानाच थांबत असेल, तर दोष खटक्याचा नसून गोंगाटाचा समजावा. तेव्हा तारा मोटारीच्या तारांपासून दूर न्याव्या, पीळ देऊन जोडीने न्याव्या, आवरण एकाच टोकास भूमीशी जोडावे आणि फलकाजवळ गाळणी बसवावी. शोध चालू असता खटक्यास तारेचा वळसा दिला असेल, तर तो काढल्याखेरीज यंत्र चालवू नये.

लाल बटणाची गोष्ट याहून गंभीर आहे. केवळ नियंत्रकास ‘थांब’ म्हणून सांगणारे बटण हे एक विनंती आहे. नियंत्रकच गोंधळला असेल तर विनंती ऐकणार कोण? आयईसी ६०२०४-१ या मानकानुसार आपत्कालीन थांबा हा वीज तत्काळ तोडणारा, किंवा नियंत्रित रीत्या थांबवून मग तोडणारा असावा. यास्तव बटणाचा ‘एरवी जुळलेला’ सांधा कॉन्टॅक्टरच्या गुंडाळीशी एकामागून एक जोडतात. बटण दाबले वा तार तुटली, तरी गुंडाळी निर्जीव होते आणि मोटारींची वीज जाते. आयएसओ १३८५० नुसार बटण दाबलेल्या स्थितीत अडकून राहावे आणि ते सोडविल्याने यंत्र आपोआप सुरू होऊ नये. वीज तुटल्यावर उभा अक्ष आपल्या वजनाने खाली येईल काय, याचाही विचार आधीच करावा लागतो.

तथापि या तत्त्वालाही मर्यादा आहे. रुळांत दोन बाजू एकमेकींना चिकटल्या तर गाडी आल्याप्रमाणेच धोक्याची खूण पडते. सीमा-खटक्याच्या दोन तारा चेपून एकमेकींना टेकल्या, तर मात्र मंडल सदैव जुळलेले दिसते आणि खटका असून नसल्यासारखा होतो. म्हणूनच कारखान्यांत थांब्यासाठी दोन स्वतंत्र सांधे घेऊन त्यांचे एकमत पडताळतात, आणि घरच्या कारागिरासही काम आरंभण्यापूर्वी प्रत्येक खटका हाताने दाबून पाहण्यावाचून गत्यंतर नाही. अकारण थांबणाऱ्या यंत्राचा राग येणे स्वाभाविक आहे. परंतु तार तुटल्यावर थांबणारे यंत्र आपले काम चोख करीत असते. तार तुटूनही जे चालत राहते, त्याचा दोष अपघातापर्यंत कोणास दिसत नाही.