खेळयंत्रांतील खरीं आणि खोटीं नांवें

गेल्या दिवाळींत आमचा एक भाचा सिअ‍ॅटलहून पुण्यास आला, तेव्हां त्याच्या सामानांतून एक जुनें, पिंवळट पडलेलें खेळयंत्र निघालें. दूरदर्शनच्या पडद्यास जोडून घरबसल्या खेळावयाचें, निन्टेन्डो कंपनीचें तें 'सुपर निन्टेन्डो' होतें; आणि त्यांत बसविण्याची कॅसेट 'केन ग्रिफी ज्युनियर प्रेझेंट्स मेजर लीग बेसबॉल' या १९९४ सालच्या खेळाची होती. भाचा आतां चाळिशीच्या पुढें गेला आहे, दोन मुलांचा बाप आहे. तरी पडद्यावर हिरवें मैदान उमटतांच त्याचा चेहरा दहा वर्षांच्या पोरासारखा झाला. आम्हांस त्या खेळांतलें कांहींच कळेना, म्हणून आम्ही आपले सिअ‍ॅटलच्या खेळाडूंची यादी वाचीत बसलों. ग्रिफीचें नांव आम्हीं ऐकलें होतें. बाकीच्यांविषयीं विचारतां भाचा हंसून म्हणाला, "मामा, माणसं सगळीं खरीं आहेत, नांवं तेवढीं खोटीं." आणि नांवाकडे न पाहतां नुसते आंकडे पाहून तो जवळजवळ प्रत्येकास ओळखूं लागला: हा पिचर म्हणजे रॅण्डी जॉन्सन, हा जे ब्यूनर. लहानपणीं त्यानें हीं खोटीं नांवें पुसून एकेक अक्षर निवडून खरीं नांवें भरलीं होतीं. कॅसेटच्या पोटांतील एका बारीकशा सेलच्या आधारें तीं वर्षानुवर्षें टिकलीं. सेल संपला, आणि खोटीं नांवें परत आलीं.

इतिहास शिकविण्यांत आमचें आयुष्य गेलें आहे. शिलालेखांतील नांव कोणीं कोरविलें आणि कोणीं खोडलें, या प्रश्नावर विद्यार्थ्यांचे तासच्या तास आम्हीं खर्चीं घातले आहेत. तोच प्रश्न मुलांच्या खेळण्यांत समोर यावा, आणि त्याच्या उत्तरासाठीं संप, न्यायालयें व मजूरसंघटना यांच्या कागदांत शिरावें लागावें, ही गोष्ट मात्र आम्हांस नवी होती.

बेसबॉलचें क्रिकेटशीं नातें आहे हें वाचकांस ठाऊक असेलच. एक पिचर चेंडू फेंकतो. प्रतिपक्षाचा खेळाडू गोल दांड्यानें तो टोलवितो आणि चार बेस ओलांडून जेथून निघाला तेथेंच परत येतो. तीन गडी बाद झाले कीं बाजू बदलते. अशा नऊ पाळ्या. याचा विशेष असा कीं, यांतली प्रत्येक घटना सुटी करून मोजतां येते. ही मोजण्याची संवय ज्यानें लाविली तो हेन्री चॅडविक जन्मानें इंग्रज होता. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत तो आधीं क्रिकेटचेच वृत्तांत लिहीत असे, आणि त्याच वळणावर त्यानें १८५९ च्या सुमारास बेसबॉलचें 'बॉक्स स्कोअर' नामक कोष्टक सिद्ध केलें. तेव्हांपासून अमेरिकन रसिकाच्या मनांत खेळाडू म्हणजे आंकड्यांची एक ओळ झाला. खोट्या नांवाआडचा माणूस आमच्या भाच्यानें ओळखला, तो या ओळीवरून.

मग नांवच कां लपवावें लागलें? विसाव्या शतकाच्या आरंभीं सिगारेटच्या पाकिटांत खेळाडूंचीं चित्रें घालीत. १९०९ ते १९११ च्या दरम्यान निघालेल्या एका मालेंत होनस वॅग्नर या थोर खेळाडूनें आपलें चित्र घालण्यास हरकत घेतली. त्याची छपाई थांबली, आणि तत्पूर्वीं बाहेर पडलेल्या मोजक्या चित्रांपैकीं एकास २०२२ सालीं साडेबाहत्तर लक्ष डॉलर मोल आलें. नकार किती महाग होऊं शकतो याचें हें उदाहरण झालें. परंतु त्या नकारास नीट कायद्याचें रूप आलें तें १९५३ सालीं. च्यूइंग गमबरोबर चित्रें देणाऱ्या दोन कंपन्यांच्या वादांत न्यायाधीश जेरोम फ्रँक यांनीं ठरविलें कीं, आपल्या छायाचित्राच्या प्रसिद्धीचें मोल हा माणसाचा स्वतंत्र हक्क आहे, आणि तो त्यास दुसऱ्याला देतां येतो. १९६६ सालीं मार्व्हिन मिलर हे खेळाडूंच्या संघटनेचे सूत्रधार झाले. हे गृहस्थ पोलाद-कामगारांच्या संघटनेंत मुरलेले. एकट्याचें नांव मातीमोल जातें, सर्वांचीं नांवें एका मोळींत बांधलीं तर विकत घेणारा दार ठोठावीत येतो, हें त्यांनीं खेळाडूंस शिकविलें. तेव्हांपासून संघाचें नांव व चिन्ह हीं मालकांकडे आणि खेळाडूंचीं नांवें त्यांच्या संघटनेकडे, अशी वांटणी झाली. बेसबॉलचें खेळणें करणाऱ्यास दोन दारीं जाऊन दोन परवानग्या आणाव्या लागत.

जपानांतील प्रकार थोडा निराळा होता. तेथें हा खेळ १८७२ च्या सुमारास होरेस विल्सन या अमेरिकन शिक्षकानें तोक्योच्या एका शाळेंत नेला. १८९४ सालीं चूमान नामक गृहस्थांनीं त्यास 'याक्यू' हें जपानी नांव दिलें, आणि १९४३ सालीं, ऐन युद्धांत, मैदानावरील उरलेसुरले इंग्रजी शब्दही हांकून देण्यांत आले. निन्टेन्डोचें 'फॅमिकॉम' हें घरगुती यंत्र १९८३ च्या जुलैंत निघालें व त्याच वर्षीं डिसेंबरांत त्याचा 'बेसबॉल' खेळ आला. त्यांत खेळाडूंस नांवें नाहींतच, संघांसही नाहींत. प्रत्येक संघास एकेक रोमन अक्षर तेवढें आहे. जायंट्सचा 'जी' आणि टायगर्सचा 'टी', ज्यास ठाऊक त्यानें ओळखावें. १९८५ सालीं तोच खेळ अमेरिकेंत गेला तेव्हां अक्षरें बदललीं; यांकीजचा 'वाय' आला. १९९० नंतर आपल्याकडे घरोघर आलेलीं स्वस्त खेळयंत्रें बहुतेक या फॅमिकॉमचींच नक्कल होतीं, आणि त्यांच्या अनेक खेळांच्या कॅसेटींत हा बेसबॉलही पुष्कळदां असे. महाराष्ट्रांतील किती मुलांनीं हा 'वाय' आणि तो 'डी' यांचा अर्थ न कळतां सुट्ट्या घालविल्या असतील!

अक्षरापासून नांवापर्यंतची अर्धी वाट नामको कंपनीच्या 'फॅमिली स्टेडियम' या १९८६ सालच्या खेळानें चालली. तेथें खेळाडूंस नांवें मिळालीं, पण मोडकीं: कुवाताचा 'कुवावा' झाला, कियोहाराचा 'कियोस्कु'. आपल्याकडे विडंबनकार कुळकर्ण्यांचे 'फळकर्णे' करतात त्यांतलाच हा प्रकार. हाच खेळ टेन्जेन कंपनीनें १९८८ सालीं 'आर. बी. आय. बेसबॉल' म्हणून अमेरिकेंत आणला, तेव्हां तिनें खेळाडूंच्या संघटनेची परवानगी काढली, मालकांची काढली नाहीं. त्यामुळें पडद्यावर खरे खेळाडू खऱ्या नांवांनीं उतरले, परंतु त्यांचे संघ केवळ 'बॉस्टन', 'डेट्रॉइट' अशा शहरांच्या नांवानें.

ग्रिफीच्या खेळांत याच्या नेमकें उलट घडलें. १९९२ सालीं निन्टेन्डोचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या पैशानें सिअ‍ॅटलचा संघ विकत घेतला गेला. निन्टेन्डोचें अमेरिकेंतील ठाणें त्या शहराशेजारींच होतें. राष्ट्रीय खेळाचा संघ जपानी माणसाच्या हातीं जातो म्हणून बरेंच काहूर माजलें, आणि यामाउचींचा मताधिकार निम्म्याहून कमी राहील अशी अट घालूनच इतर मालकांनीं संमति दिली. हे यामाउची २०१३ सालीं वारले. आपल्या संघाचा एकही सामना त्यांनीं मैदानावर जाऊन पाहिला नाहीं, ही मौज सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आतां निन्टेन्डो स्वतःच मालकांच्या पंक्तीला बसली होती. मालकांची परवानगी तिनें घेतली, आणि खेळाडूंपैकीं एकट्या ग्रिफीशीं करार केला. संघटनेच्या दारीं ती गेली नाहीं. म्हणून संघ खरे, चिन्हें खरीं, आंकडे खऱ्यांवर बेतलेले, आणि शेंकडों माणसांत नांव खरें असलेला माणूस एक.

हा खेळ १९९४ च्या मार्चमध्यें बाजारांत आला. पांचच महिन्यांनीं, १२ ऑगस्टला, खरे खेळाडू संपावर गेले. मालकांस वेतनावर वरची मर्यादा घालावयाची होती. खेळाडूंस ती मान्य नव्हती. ग्रिफीचे तेव्हां १११ सामन्यांत ४० होम रन झाले होते, टोनी ग्विन यांची सरासरी .३९४ होती, दोन्ही ओळी तेथेंच तुटल्या. वर्षअखेरची वर्ल्ड सिरीज १९०४ नंतर प्रथमच झाली नाहीं. त्या शरद्‌ऋतूंत अमेरिकेंत बेसबॉल कोठें चालला असेल तर तो मुलांच्या खोलींत, खोट्या नांवांनीं. आणि विशेष हें कीं, संपाच्या काळांत लागणारी गंगाजळी संघटनेनें जमविली होती ती मुख्यतः खेळाडूंच्या नांवांच्या परवान्यांतूनच. कॅसेटमधलीं खोटीं नांवें ही म्हणजे नुसती गंमत नव्हती. ज्या पैशावर संप उभा होता, तो न देण्याची ती युक्ति होती.

याच परवान्याची सीमा समुद्रापलीकडे कशी बदलते याचें एक उदाहरण येथें द्यावेंसें वाटतें. अमेरिकेंत संघटनेच्या परवान्यानें निघालेला एक खेळ जपानांत 'फायटिंग बेसबॉल' या नांवानें १९९५ सालीं निघाला, आणि तेथें खरीं नांवें वापरतां न आल्यामुळें कोणा जपानी कारागिरानें अमेरिकन वाटतील अशीं नांवें बसून रचलीं. 'बॉबसन डगनट', 'स्लीव्ह मॅकडायकल' अशीं तीं आहेत. एखाद्या परदेशी माणसानें दुरून ऐकलेल्या आडनांवांवरून 'देशपांडकर' व 'जोशेकुळे' बनवावे, तसें. आज या न झालेल्या खेळाडूंस कांहीं झालेल्या खेळाडूंपेक्षां अधिक लोक ओळखतात.

संप १९९५ च्या वसंतापर्यंत लांबला, तेव्हां मालकांनीं सरावाच्या सामन्यांत बदली खेळाडू उतरविले. आमच्या गिरणगांवांतही 'बदली' हा शब्द होता. परंतु तेथील बदली कामगार गैरहजर गड्याच्या जागीं उभा राही, त्यांत लाज नव्हती. येथें अर्थ वेगळा होता. ३१ मार्चला न्यायाधीश सोनिया सोटोमायर यांनीं मालकांविरुद्ध मनाईहुकूम दिला, संप मिटला, बदली खेळाडू घरीं गेले. त्यांतले कांहीं पुढें स्वतःच्या गुणांवर वर आले. पण संघटनेनें त्यांस सभासद करून घेतलें नाहीं. केव्हिन मिलर हा त्यांपैकीं एक. मार्व्हिन मिलर यांचा हा कोणी नव्हे, आडनांवाचें लेखनही इंग्रजींत निराळें आहे. २००४ सालीं तो बॉस्टनच्या संघांत होता. १७ ऑक्टोबरच्या रात्रीं, तीन सामने आधींच गमावलेले, चौथ्यांतही शेवटच्या पाळींत एका धांवेनें मागें, आणि समोर मारियानो रिव्हेरासारखा पिचर असतां मिलरनें धीर धरून 'वॉक' मिळविला व पहिला बेस गांठला. त्याच्या जागीं धांवण्यास आलेल्या डेव्ह रॉबर्ट्सनें दुसरा बेस चोरला, बरोबरी झाली, आणि बॉस्टननें पुढें तो सामना, ती मालिका व ८६ वर्षांनीं अजिंक्यपदही मिळविलें. पुढल्या वर्षींचा 'एम. व्ही. पी. बेसबॉल २००५' हा खेळ यंत्रांत घालून पाहावा: बॉस्टनच्या यादींत मिलर नाहीं. त्याच्या जागीं भलत्याच नांवाचा गृहस्थ उभा आहे.

संघटनेची बाजू आम्हांस समजते. ज्या मोळीच्या बळावर १९९४ चा लढा लढला गेला, ती मोळी फोडण्यास जो उभा राहिला, त्यास तिचा वांटा कां द्यावा? त्या वेळीं मिलर गरीब, अननुभवी होता, हें खरें. पण संप फोडण्यास मालक नेहमीं गरिबालाच बोलावतात. तरीही दहा वर्षांनंतर त्या रात्रीचा वॉक कोणी मिळविला हें यादींतून जावें, ही शिक्षा आम्हांस प्रमाणाबाहेर वाटते. त्याच खेळांत बॅरी बॉन्ड्सही नाहीं. त्याच्या जागीं 'जॉन डाउड' आहे. परंतु बॉन्ड्सनें संघटनेच्या परवान्यांतून स्वतः अंग काढून घेतलें होतें, कारण एकट्याच्या नांवास अधिक मोल येईल इतका तो मोठा होता. एकाच यादींत एकाचें नांव शिक्षा म्हणून नाहीं, आणि दुसऱ्याचें मिजास म्हणून.

ज्यांचीं नांवें कोणीं विकतही मागितलीं नाहींत अशांची हकीकत याहून जुनी आहे. १९४७ च्या एप्रिलांत जॅकी रॉबिन्सन मैदानावर उतरेपर्यंत विसाव्या शतकांत कृष्णवर्णीयांस मेजर लीगमध्यें प्रवेश नव्हता. त्यांच्या लीगा वेगळ्या होत्या. जॉश गिब्सन हा त्यांतला श्रेष्ठ फलंदाज त्याच वर्षीं जानेवारींत, तीन महिने आधीं, वारला. त्यांच्या सामन्यांचे आंकडे कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांतून संशोधकांनीं वेंचून काढले, आणि २०२४ च्या मे महिन्यांत ते अधिकृत कोष्टकांत घेतले गेले, तेव्हां .३७२ सरासरीनें गिब्सन टाय कॉबच्याही वर गेला. त्याआधींच, २०२३ सालीं, 'एम. एल. बी. द शो' या खेळांत सॅचेल पेज, बक ओनील इत्यादि आठ खेळाडू आले. कॅन्सस सिटी येथील निग्रो लीग्ज संग्रहालयाचे अध्यक्ष बॉब केंड्रिक त्यांची कथा सांगतात आणि मग मूल तो प्रसंग स्वतः खेळतें. पुढल्या वर्षीं गिब्सन आला, आणि १९५३ सालीं पुरुषांच्या संघांतून खेळलेली टोनी स्टोनही. चाळीस वर्षांपूर्वीं ज्या खेळांत एकच अक्षर पुरत होतें, त्याच्या वंशजांत आतां इतिहासाचा तास भरतो, आणि आमच्या तासाहून अधिक मुलें तेथें बसतात हें आम्हीं निमूटपणें कबूल करतों.

भाच्याची कॅसेट आम्हीं पसोड्या विठोबाजवळ एका दुकानांत नेली. तेथील कारागिरानें जुना सेल काढून नवा डाग देऊन बसविला. त्यानंतर दोन संध्याकाळीं भाचा सिअ‍ॅटलची यादी घेऊन एकेक अक्षर भरीत बसला होता. दोन नांवें त्यास आठवेनात. आंकडे समोर होते, माणूस डोळ्यांपुढें होता, नांव येईना. फोनमध्यें पाहून सांगूं काय, असें आम्हीं विचारलें. तो नको म्हणाला. तीं दोन खोटीं नांवें अद्याप तशींच आहेत.