भाडे मंदावले तेव्हा : नगरच्या वाटेवरील तांडा आणि मालमोटार

अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, इतिहास सांगू लागले की निजामशाही, चांदबिबी आणि भुईकोट किल्ला ही नावे प्रथम ओठांवर येतात. परंतु त्या किल्ल्यातील शिबंदीला धान्य आणि पेठेतील घराघराला मीठ कोणी पोचविले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आज त्या माल वाहणाऱ्यांची हकीकत आपणांस सांगावयाची आहे. तिच्या पोटात एक कठीण प्रश्न दडलेला आहे : भाडे मंदावले असता माणसाने आपला धंदा सोडावा केव्हा?

आगगाडीपूर्वी दख्खनेत माल वाहून नेण्याचे काम मुख्यत्वे वंजारी व लमाण यांच्या तांड्यांकडे होते. बैलाच्या पाठीवर गोणी लादून, नायकाच्या हुकुमात, बायकामुलांसह हे तांडे वाट चालत. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निए याने दहाबारा हजार बैलांचे तांडे वर्णिले आहेत. अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला तर गाडीवाल्यांना दोनदोन, तीनतीन दिवस खोळंबून राहावे लागे, असे तो सांगतो. १८०३ च्या ऑगस्टात आर्थर वेलस्ली याने नगरचा किल्ला घेतला, त्या मोहिमेतही त्याच्या फौजेचे पोट याच बैलांच्या पाठीवर अवलंबून होते.

या धंद्याचे गणित सोपे होते. देशावरचे धान्य घाट उतरून कोकणात न्यावयाचे आणि येताना मीठ आणावयाचे. जाताना ओझे आणि परततानाही ओझे, म्हणून बैल पोसणे परवडे. रिकाम्या पाठीने बैल परतला, तर जातानाची मिळकत त्याच्याच वैरणीत जाई.

हे गणित एका दिवसात बिघडले नाही. १८३० साली बोरघाटातून गाड्यांची वाट खुली झाली. दोन बैलांची गाडी पाठीवर वाहणाऱ्या कित्येक बैलांचे ओझे नेऊ लागली. पुढे १८६३ मध्ये बोरघाटातून आणि १८६५ मध्ये थळघाटातून आगगाडी देशावर चढली. तरीही नगर जिल्हा दोन्ही लोहमार्गांच्या मधोमध राहिल्याने येथील वाहतूकदारांना काही वर्षांची सवलत मिळाली. मग १८७६ चा भयंकर दुष्काळ आला. दौंड ते मनमाड या लोहमार्गाचे मातीकाम दुष्काळी काम म्हणून निघाले, भुकेल्या हातांनी भराव टाकले, आणि १८७८ साली नगर, राहुरी, बेलापूर, कोपरगाव या वाटेने आगगाडी धावू लागली.

येथे एक गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे. लोहमार्ग आला म्हणून भाडे सर्वस्वी बुडाले नाही. स्टेशनापासून आडगावांपर्यंत माल नेण्यास गाडीबैल लागतच राहिले. बुडाला तो लांबचा पल्ला. आणि त्याबरोबर परतीचे मीठही गेले. धंदा एकदम मेला असता तर निर्णय सोपा होता. तो मंदावला, आणि मंदी माणसास फसविते. एखादा हंगाम बरा गेला की वाटते, दिवस फिरले.

या जिल्ह्यात, विशेषतः पाथर्डी-शेवगाव भागात, वंजारी समाज शेतीवर स्थिरावलेला आपणांस दिसतो. ज्याने बैल धडधाकट असताना तो नांगरास जुंपला, त्याच्यापाशी नव्या धंद्याचे भांडवल होते. ज्याने दुष्काळापर्यंत वाट पाहिली, त्याच्यापाशी विकावयास हाडेच उरली असतील. कारण वैरण संपली म्हणजे सगळेच बैल विकावयास काढतात आणि घेणारा कोणी नसतो.

काळाचे चक्र मात्र विचित्र आहे. आगगाडीने तांडा मागे टाकला, आणि मालमोटारीने आगगाडीस मागे टाकले. १९५०-५१ साली देशातील मालवाहतुकीत रेल्वेचा वाटा ऐंशी टक्क्यांहून अधिक होता. आज तो तीस टक्क्यांच्याही आत आहे. प्रवरेचा साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला, त्यामागोमाग इतर उभे राहिले, आणि ऊस, साखर, कांदा यांवर मालमोटारींचा धंदा वाढला.

आज त्या मोटारीच्या चाकामागे बसलेल्यांत माझे कित्येक जुने विद्यार्थी आहेत. गळिताचा हंगाम सरला की परतीच्या भाड्यासाठी दोनदोन दिवस मुक्काम पडतो, असे ते सांगतात. बैल उभा राहिला तरी वैरण खातो. मोटार उभी राहिली तरी कर्जाचा हप्ता, विमा आणि कर खाते. नोकरदारास निवृत्तीचे वय सरकार ठरवून देते. स्वतःच्या गाडीवर बसणाऱ्यास ते कोणी ठरवून देत नाही. परवाना नव्याने काढताना डॉक्टर त्याची दृष्टी तपासील, परंतु थांबावे केव्हा, हे सांगणार नाही.

ते इतिहास थोडेबहुत सांगू शकतो. परतीचे ओझे वारंवार चुकू लागले, म्हणजे पहिली सूचना मिळाली असे समजावे. बरा गेलेला एक हंगाम हिशेबात धरू नये. तीनचार वर्षांची वही एकत्र पाहावी. आणि गाडीला मोल व अंगात बळ आहे तोवरच पुढची वाट ठरवावी. धंदा सोडणे म्हणजे पराभव, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. ज्यांनी गोणी उतरवून नांगर धरला त्यांच्या नातवंडांची हिरवी शेते पाहिली, म्हणजे ती समजूत खरी मानण्याचे कारण उरत नाही.