खुर्ची आणि सभागृह : महापौर हेरॉल्ड वॉशिंग्टन यांचा धडा

सत्तास्थानी आपला माणूस बसला की अर्धी लढाई जिंकली, असा एक समज आपल्या चळवळीत रूढ आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर महापौरपदेही आरक्षणाच्या सोडतीत आली. सोडत निघते, वस्तीत गुलाल उधळला जातो. परंतु महाराष्ट्रात कार्यकारी अधिकार असतो आयुक्ताकडे. महापौर हा सभागृहाचा अध्यक्ष, एवढेच. मग अधिकार खरोखर हाती असते तर काय झाले असते? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला अमेरिकेतील शिकागो शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर हेरॉल्ड वॉशिंग्टन यांच्या चरित्राकडे वळावेसे वाटते. तेथे महापौराच्या हाती अधिकार होता. तरीही सभागृहाने त्याला तीन वर्षे रोखून धरले.

वॉशिंग्टन यांचा जन्म १५ एप्रिल १९२२ रोजी शिकागोत झाला. वडील कत्तलखान्यांत राबत कायदा शिकले, धर्मोपदेशक झाले आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे वस्तीपातळीवरील कार्यकर्ते बनले. मुलाने शाळा अर्ध्यावर सोडली, कामे केली, महायुद्धात पॅसिफिक आघाडीवर चाकरी केली. परतल्यावर त्यांनी रूझवेल्ट कॉलेजात प्रवेश घेतला. हे कॉलेज १९४५ साली निघाले ते एका नकारातून. आधीच्या संस्थेच्या विश्वस्तांना वर्ण आणि धर्म यांनुसार विद्यार्थ्यांची मोजदाद हवी होती. प्राचार्यांनी ती देण्याचे नाकारले आणि बहुसंख्य अध्यापकांसह नवे कॉलेज उभे केले. पुढच्याच वर्षी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. ज्याच्या घरात आधी कोणी पदवीधर नव्हता अशा माझ्यासारख्या अध्यापकाला या दोन तारखांमधले नाते समजावून सांगावे लागत नाही. दार उघडले की पिढी घडते. वॉशिंग्टन १९४९ साली पदवीधर झाले, १९५२ मध्ये कायद्याचे पदवीधर.

शिकागोवर तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाच्या 'मशीन'चे राज्य होते. रिचर्ड डेली १९५५ पासून १९७६ मध्ये मरेपर्यंत महापौर होते. मत द्या, त्या बदल्यात पालिकेत नोकरी घ्या, असा हा रोकडा व्यवहार होता. त्यात काळ्यांची मते मोजली जात, पण त्यांचा शब्द मोजला जात नसे. याच शहरात ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे ब्लॅक पँथरचा एकवीस वर्षांचा नेता फ्रेड हॅम्प्टन पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. ज्या पँथरच्या नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तीच ही संघटना.

वॉशिंग्टन याच मशीनमध्ये वाढले आणि मग तिच्याशी भांडले. विवरणपत्रे न भरल्याबद्दल १९७२ साली त्यांना काही आठवडे तुरुंगवासही घडला. विरोधकांनी तो पुढे पुरेपूर वापरला. १९७७ मध्ये महापौरपदासाठी उभे राहिले, तेव्हा जेमतेम ११ टक्के मते पडली. मग १९८३ साली काय बदलले? वस्त्यावस्त्यांतून झालेल्या मोहिमेत एक लाखाहून अधिक नवे काळे मतदार नोंदवले गेले. विजयाचा पाया निवडणुकीआधीच घातला गेला होता.

पक्षांतर्गत निवडणुकीत दोन गोऱ्या उमेदवारांत मते विभागली आणि वॉशिंग्टन जिंकले. एरवी शिकागोत डेमोक्रॅटिक उमेदवारी म्हणजेच विजय; १९३१ नंतर तेथे रिपब्लिकन महापौर झालाच नव्हता. परंतु उमेदवार काळा ठरताच जन्माचे डेमोक्रॅट गोरे रिपब्लिकन एप्टन यांच्यामागे धावले. वॉशिंग्टन सुमारे ४८ हजार मतांनी निसटते विजयी झाले.

पन्नास जणांच्या नगरसभेत एकोणतीस नगरसेवक त्यांच्याविरुद्ध एकवटले. त्या एकोणतिसांत काळा एकही नव्हता. नेमणुका अडल्या, ठराव अडले. महापौरांचा नकाराधिकार मोडण्याइतके संख्याबळ विरोधकांजवळ नव्हते आणि काम पुढे नेण्याइतके महापौरांजवळ नव्हते. राजकीय बहुमत मतांनी बनते आणि बदलते. जातीय बहुमत जन्मानेच ठरलेले असते, हा भेद बाबासाहेबांनी १९४५ सालीच मांडला होता. शिकागोची नगरसभा म्हणजे त्याचा पुरावाच होय.

ही कोंडी फुटली ती न्यायालयात. वॉर्डांच्या सीमा काळ्यांवर आणि लॅटिनोंवर अन्याय करणाऱ्या ठरल्या. सात वॉर्डांत १९८६ साली पुन्हा निवडणुका झाल्या, नगरसभा पंचवीस-पंचवीस झाली आणि महापौरांचे मत निर्णायक ठरले.

त्यांनी केले काय? माहिती नागरिकांना खुली केली. पालिकेच्या कंत्राटांत अल्पसंख्याकांसाठी २५ आणि स्त्रियांसाठी ५ टक्के वाटा ठेवला. सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे पक्षनिष्ठेवर नोकऱ्या देण्याची प्रथा थांबवणाऱ्या न्यायालयीन करारावर त्यांनी सही केली. इतकी वर्षे त्यांनी खाल्ले, आता पाळी आमची, असे म्हणणारे त्यांच्या गोटातही होते. मशीन ताब्यात घेऊन आपल्या माणसांसाठी चालवणे सोपे होते. त्यांनी ती मोडायला घेतली.

एप्रिल १९८७ मध्ये ते पुन्हा निवडून आले आणि २५ नोव्हेंबरला कचेरीतल्या टेबलावरच हृदयविकाराने कोसळले. पुढे जे झाले ते आपल्याला अनोळखी नाही. वारसा कोणाचा यावरून त्यांच्याच गटात फूट पडली. आठवड्याच्या आत यूजीन सॉयर महापौर झाले. तेही काळेच, पण निवडून आले जुन्या विरोधकांच्या मतांवर. चळवळीचा उमेदवार हरला. १९८९ साली डेलींचा मुलगा निवडून आला आणि २०११ पर्यंत राहिला.

तेव्हा आपला माणूस खुर्चीवर आहे काय, हा प्रश्न अपुरा आहे. त्याला निवडले कोणी, हा त्यापुढचा प्रश्न. आणि तो गेल्यावर उरते काय, हा शेवटचा. वॉशिंग्टन यांना खुर्ची मिळाली ती एक लाख नावांच्या नोंदणीतून, आणि सभागृह मिळाले ते वॉर्डांच्या सीमांसाठी दिलेल्या लढ्यातून. ही दोन्ही कामे गुलालाशिवाय होतात. त्यांच्यानंतर त्या कामांना संघटनेचे रूप राहिले नाही, म्हणून साडेचार वर्षांची कमाई एका आठवड्यात गेली. रिपब्लिकन पक्षाची शकले ज्यांनी मोजली आहेत, त्यांनी हा हिशेब आपल्या वहीतही मांडून पाहावा.